वर्षावासातली काठी

मी पडले ती बाथरूममध्ये. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की बाई नदीवर घसरली. नदीचा काहीएक संबंध नव्हता. बदलापूरच्या शिरगावातला आमचा फ्लॅट, बिल्डरने हौसेने बसवलेली गुळगुळीत लादी, साबणाचं पाणी, आणि मी उजव्या हातावर. मनगट मोडलं. घरच्यांनी बंदी कशावर घातली, तर नदीवर. बाथरूमवर कुणी घातली नाही.

मी गळाने मासे धरते. जाळं नाही, फिरकी नाही. लांब काठी, काठीच्या टोकाला तंगूस म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, तंगुसाला तरंगणारा बोया आणि गळ, एवढंच. बदलापूरला उल्हास नदीच्या एका वळणावर जांभळाच्या झाडाखाली माझी जागा आहे. अंबरनाथच्या कंपनीत पॅकिंगला होते तोवर रविवारी जायचे, रिटायर झाल्यापासून मनाला येईल तेव्हा जाते. तिथले पुरुष सुरुवातीला टकामका बघायचे, मग त्यांना कंटाळा आला, आणि आता ते "मावशी, आज काय लागतंय?" म्हणून विचारतात. या वयात बाईला एवढी प्रतिष्ठा फुकट मिळत नाही. मी ती उन्हात बसून कमावली आहे.

हे वेड माझ्या वडिलांचं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबा कारखान्यात कामाला होते आणि आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. त्यांचा एक नियम होता. आषाढ पौर्णिमेला वर्षावास बसला की अश्विन पौर्णिमेपर्यंत गळ पाण्यात टाकायचा नाही. या दिवसांत माशांच्या पोटात अंडी असतात, नदीला गढूळ लोंढा असतो, आणि माणसानेही वर्षातून तीन महिने जरा गप्प बसावं, असं ते म्हणायचे. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन ऐकायचं आणि बाकीचा वेळ घरी सामान करायचं. मग आमच्या एका खोलीत पाय ठेवायला जागा उरायची नाही. झिजलेल्या रबरी चपला कापून आबा बोये करायचे. गळाच्या वजनासाठी आईच्या पळीत शिसं वितळवायचे आणि आई पळीवरून महिनाभर बोलायची. गळ तेवढा विकत आणायचा, बाकी सगळं घरचं. माझ्या भावांना त्यात रस नव्हता. मी मात्र मांडी घालून समोर बसायचे, आणि बसून बसून एक दिवस माझ्याही मापाची काठी मागितली. आबांनी मला भिंतीला उभं केलं, हात वर करायला सांगितला आणि बोटांच्या टोकापाशी कोळशाने रेघ मारली. ती रेघ आई पुसू देत नव्हती.

त्यांनी शेवटची काठी केली ती माझ्या लग्नानंतर. ती काठी मी आजवर वापरत होते. तिचं टोक मी कितीदा बदललं असेल, पण बुंधा तोच. तेल पिऊन पिऊन तो गुळाच्या ढेपेच्या रंगाचा झाला होता.

तर मनगट मोडलं, प्लॅस्टर लागलं, आणि मी अंथरुणात असताना आमच्या मुलाने एक काम केलं. तो चिखलोलीला राहतो, नवीन टॉवरमध्ये. स्टेशन होणार, स्टेशन होणार म्हणून त्याने तिथे घर घेतलं, आणि आता आम्हालाही सुधारायचं त्याने मनावर घेतलं आहे. पाऊस आत येतो म्हणून त्याने आमच्या गॅलरीला स्लायडिंगच्या खिडक्या बसवून घेतल्या. माणसं कामाला आली, गॅलरी रिकामी करायला हवी होती, तेव्हा कोपऱ्यातल्या माझ्या काठ्या त्याने खाली वॉचमनला देऊन टाकल्या. कपडे वाळत घालायला.

मला हे कळलं प्लॅस्टर निघाल्यावर. तळपायाची आग मस्तकाला गेली. मी त्याला फोन केला नाही, रविवारी येईपर्यंत थांबले, कारण काही बोलणी तोंडावर करायची असतात. आल्यावर त्याला विचारलं, की माझ्या बापाची काठी कुणाला विचारून दिलीस. तो गडबडला. त्याला वाटलं होतं, त्या जुन्या काठ्या आहेत, लागल्या तर ऑनलाइन चांगली मिळते. मग सावरून म्हणाला, "आणि आई, तसंही आता तुला नदीवर जायचं नाहीये. तुला चहाचा कप धरवत नाही नीट, काठी काय धरणार?"

हे मला लागलं, कारण ते खरं होतं. प्लॅस्टरमधून निघालेला हात माझा वाटत नव्हता. मनगट एका बाजूला कललेलं, तळवा पुरता वर वळत नाही, मुठीत जोर नाही. डॉक्टर म्हणाले होते, वयाच्या मानाने छान जुळलंय, आता थोडंफार राहणारच. वयाच्या मानाने हा शब्द मला त्या दिवसांत इतक्या वेळा ऐकावा लागला की कुणी तो उच्चारला की मी उठून आत जायचे. व्यायामाला म्हणून त्यांनी एक पिवळा मऊ चेंडू दिला होता. तो दाबत बसायचं. मी तो फ्रिजवर ठेवला.

त्या रविवारी मी मुलाला सांगितलं, की अश्विन पौर्णिमेला ये. तोवर मी नवीन काठी करते. आबा काठी करून झाली की तिची परीक्षा घ्यायचे. तंगुसाला पाण्याने भरलेला तांब्या बांधायचे आणि जमिनीवरून सावकाश उचलायचे. तशीच परीक्षा तुझ्यासमोर देते. माझ्या हातून काठी सुटली तर मी परत नदीचं नाव काढणार नाही. आणि नाही सुटली, तर तुम्ही कुणी काढायचं नाही.

तो हसला आणि हो म्हणाला. आमचे मिस्टर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या मासेमारीला कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घरी आलेले मासे तेवढे खाल्ले.

खोलीत जाऊन मी पलंगावर बसले तेव्हा भानावर आले. रागाच्या भरात मी सगळं पणाला लावलं होतं. घर, नवरा, सून, विहार, सगळं आहे मला, मी काही दुःखी बाई नाही. पण जांभळाखालची ती जागा फक्त माझी आहे. तिथे मी कुणाची आई नसते, कुणाची बायको नसते. ती गेली असती तर मी जगलेच असते, पण कशी, ते मला बघायचं नव्हतं.

आधी काठी शोधायची होती. पावसात ओला बांबू घेऊन उपयोग नसतो, त्याला भुंगा लागतो आणि वाळला की तो वाकतो. म्हणजे मला माझाच जुना बांबू हवा होता. वॉचमनच्या खोलीबाहेर गेले तर आबांची काठी दोन खिळ्यांवर आडवी, वर त्याच्या बनियनी. लांब होत होती म्हणून त्याने निमुळता भाग कापून टाकला होता. बुंधा तेवढा शाबूत होता. दुसरी काठी कुठे गेली ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"आंटी, ये तो भैयाने दिया था," तो म्हणाला.

"भैयाने दिया, अब भैया की माँ वापस ले रही है," मी म्हटलं आणि त्याच्या हातात नायलॉनची नवीन दोरी ठेवली. त्याने बनियनी काढल्या आणि बुंधा पुसूनसुद्धा दिला.

निमुळत्या भागासाठी वेत लागणार होता. त्यासाठी उल्हासनगर गाठलं. फर्निचर बाजारात खुर्च्या विणणाऱ्याकडे मला पाहिजे तसा सरळ, लवचिक वेत मिळाला. तिथून दोऱ्याच्या दुकानात गेले. उल्हासनगरात जीन्स शिवायचे कारखाने गल्लोगल्ली आहेत, आणि जीन्सच्या दोऱ्यासारखा दोरा दुसरा नाही. दुकानदार सिंधी, माझ्याच वयाचा. जाड पिवळा दोरा मागितला तर त्याने विचारलं, दीदी, जीन्स का काम शुरू किया क्या. मी म्हटलं, मछली पकडने की काठी बनानी है. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. रीळ काढून दोऱ्याचा तुकडा दोन्ही हातांनी ताणून दाखवला. मग निघताना स्वतःहून जाड जीन्सचा एक कापलेला पाय माझ्या पिशवीत टाकला आणि म्हणाला, रख लो, काम आएगा. काय काम येणार हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

मग काम सुरू झालं. बुंधा घासला, तेल लावलं. बांबूच्या पोकळ तोंडात वेताचं टोक तासून बसवलं. आता त्या जोडावर दोरा गुंडाळायचा होता, एकाला एक लागून, मध्ये केसाइतकी फट न ठेवता. दोन चांगल्या हातांचं ते काम. मी दोऱ्याचं टोक दातात धरलं, काठी मांडीवर फिरवत गेले आणि वाकड्या हाताच्या अंगठ्याने दोरा दाबत गेले. सुरुवातीला सगळं निसटायचं. मी उलगडायचे, परत गुंडाळायचे. दुखायचं, आणि दुखण्यापेक्षा चीड जास्त यायची.

सवय व्हावी म्हणून एक लहान काटकी आणि दोरा मी विहारातही न्यायला लागले. पांढरी साडी नेसून मागच्या सतरंजीवर बसायचं, वाचन ऐकायचं आणि पदराखाली बोटं चालवायची. शेजारच्या बिल्डिंगमधली एक बाई मला टोकल्याशिवाय राहीना. म्हणाली, ताई, पंचशील घेता, जीव मारणार नाही म्हणता, आणि गळाचं सामान करता, बरं दिसतं का. मी तिला विचारलं, की परवा तुमच्या खिडकीतून सुकटीचा वास येत होता, ती सुकट आपणहून सुकली होती का. त्यानंतर ती माझ्या बाजूला बसेनाशी झाली आणि मला पाय पसरायला जागा झाली.

जोड तयार झाला. खरी पंचाईत पुढे होती. एका दुपारी काठी उचलली, नेहमीसारखी मुठीत धरली आणि पुढे झुकवली. काठी मुठीतून निसटली आणि टीपॉयवर आपटली. परत धरली, परत निसटली. हा काही जोर वाढवून सुटणारा प्रश्न नव्हता. मनगट कललेलं असल्यामुळे मूठ काठीला पुरती वेढतच नव्हती, आणि ती कधीच वेढणार नव्हती. मी हॉलमध्ये खाली बसले आणि रडले. मिस्टर आतून आले, काठी उचलून भिंतीला टेकवली, माझ्यासाठी चहा ठेवला आणि परत पेपर घेऊन बसले. त्यांना समजूत घालता येत नाही. त्या दिवशी तेच बरं वाटलं.

चहा पिताना मी स्वतःच्याच हाताकडे बघत होते. कप मी बोटांनी धरलाच नव्हता, ती नुसती कपाच्या कानात अडकवून कोपर पोटाशी दाबलं होतं. महिनाभर मी असाच चहा पीत होते, माझ्याच लक्षात आलं नव्हतं. मुठीत जोर नाही, पण कोपरापासून वर हात जसा होता तसाच आहे. मग काठी मुठीतच का धरायची? आबांनी माझ्या तेव्हाच्या मुठीच्या मापाने केलेली ती काठी होती. दुकानातली काठीसुद्धा कुणाच्यातरी धडधाकट मुठीच्या मापाने केलेली असते. माझा हात वाकडा आहे तर काठी माझ्या हातासारखी होईल. घरी करण्यात दुसरा फायदा तरी काय असतो?

जीन्सचा तो कापलेला पाय कामाला आला. त्याचा जाड पट्टा शिवला आणि बुंध्याच्या शेवटाला घट्ट बांधला. काठी हाताखालून कोपरापर्यंत मागे घ्यायची, पट्टा कोपराखाली आवळायचा, आणि पंजाने फक्त दिशा द्यायची. भार सगळा कोपरावर. पहिल्यांदा पट्टा आवळून काठी उचलली तेव्हा ती उचलली गेली, इतकी सहज की मी दचकले. त्या संध्याकाळी मी विहारात काटकी नेली नाही. स्वस्थ बसून वाचन ऐकलं.

अश्विन पौर्णिमेला विहारात वर्षावासाची सांगता झाली, खीर झाली, आणि दुपारी मुलगा आला. सोबत त्याने एक लांबडं खोकं आणलं होतं. आत चकचकीत काळी काठी. त्याला वाटलं, परीक्षेत आई हरली तर वाईट वाटेल, तेव्हा शोकेसला ठेवायला काहीतरी असावं. म्हणजे माझ्या हरण्याची भेट त्याने आधीच आणली होती. मी त्याला खोकं बंद करायला सांगितलं.

विहारातली पांढरी साडी मी बदललीसुद्धा नाही. तांब्या भरला, तंगुसाला बांधला, हॉलच्या मधोमध ठेवला. पट्टा आवळला. मुलगा सोफ्यावर, मिस्टर त्यांच्या खुर्चीत. मी सावकाश कोपर उचललं. वेत वाकला, वाकत गेला, आणि तांब्या लादीवरून सुटला. घोट्यापर्यंत आला, गुडघ्यापर्यंत आला. पाणी हलतसुद्धा नव्हतं. टीपॉयच्या उंचीला आला आणि मुलगा सोफ्यावरून पुढे सरकला.

तेवढ्यात जोड सुटला. वेत बांबूच्या तोंडातून सरकन निघाला आणि तांब्या धाडकन खाली. पाणी सगळीकडे, मुलाच्या पँटवर, नव्या काठीच्या खोक्यावर.

काय चुकलं ते मला पाणी वाहत असतानाच समजलं. आबा दोरा नेहमी भिजवून गुंडाळायचे. सुती दोरा वाळताना आवळतो आणि जोड घट्ट होतो. मीही तसाच गुंडाळला, ओला करून, कारण आबांनी तसं शिकवलं होतं. पण जीन्सचा दोरा सुती नव्हता. तो वाळून आवळत नाही, उलट ओला गुंडाळला तर सैल राहतो. दोन महिने मी मुलाचं ऐकलं नाही, डॉक्टरांचं नाही, विहारातल्या बाईचं नाही. ऐकलं ते एकट्या आबांचं, आणि तिथेच फसले.

मुलगा पुसायला फडकं शोधत होता. त्याचा आवाज मऊ झाला होता, आणि मला तोच सहन होईना. तो म्हणाला, "जाऊ दे आई. प्रयत्न तर केलास. आता ठरल्याप्रमाणे..."

"ठरलं काय होतं?" हे आमचे मिस्टर म्हणाले. पेपर त्यांच्या मांडीवर घडी घालून ठेवलेला होता.

मुलगा म्हणाला, "पप्पा, तांब्या पडला."

"तांब्या पडण्याचं कुणी बोललं नव्हतं. हातून काठी सुटली तर, असं ठरलं होतं. बघ तिच्याकडे."

मुलाने पाहिलं. मीही पाहिलं, कारण माझ्याही लक्षात नव्हतं. माझा हात अजून वरच होता. आबांचा बुंधा कोपराला बांधलेला, पंजा त्यावर, वाकडा तो वाकडाच. तांब्याकडे बघायच्या नादात मुलाने तो हात एकदाही पाहिला नव्हता. मग तो गुडघ्यावर बसून लादी पुसू लागला.

त्याच आठवड्यात मी जोड उसवला आणि नव्याने बांधला. कोरडा दोरा, दातांनी ताणून, वर चिकटवायचं सोल्युशन लावून. ही माझी पद्धत, आबांची नाही. आबा असते तर नाक मुरडलं असतं त्यांनी, आणि मी त्यांच्याशी भांडले असते.

पाणी निवळल्यावर जांभळाखाली गेले. मिस्टर सोबत आले, पहिल्यांदाच, आणि लांब दगडावर पेपर घेऊन बसले. चपलेचा बोया पाण्यावर डुलत होता, मग तिरका झाला आणि खाली गेला. ओढ लागली ती थेट कोपरात, बोटांना काही लागलंच नाही. अंगात असं काही आलं की मला हसू आवरेना. शेजारचा एक जण पळत आला, म्हणाला मावशी द्या इकडे, मी काढतो. मी त्याला सांगितलं, की तुझी काठी सांभाळ.

चिलापी होती, चांगली दोन हातांत मावेल एवढी. रविवारी मुलगा आणि सून जेवायला आले. मुलाने रस्सा दोनदा घेतला. मग हात धुवायला उठला, बाथरूममध्ये गेला आणि आत घसरला. सावरला, नळ धरला, काही झालं नाही. बाहेर येऊन म्हणाला, आई, ही लादी फार डेंजर आहे.

मी म्हटलं, "मग तिच्यावर घाल बंदी."